सेबॅस्टियनचे धुतलेले पाय

गिरगावातल्या त्या वाडीत देवाखालोखाल कोणाला काही कळत असेल तर ते आपल्यालाच, असं सेबॅस्टियनचं ठाम मत होतं. देवाच्याही एकदोन निर्णयांबद्दल त्याला शंका होती, पण मोठ्या मनाने तो ती बोलून दाखवत नसे.

वय त्र्याहत्तर. गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क होता, तेव्हापासून याद्या करायची सवय हाडात मुरलेली. वाडीच्या तोंडापासून चर्चच्या पायरीपर्यंत दोनशे दहा पावलं, त्याने स्वतः मोजलेली. सेबॅस्टियनचं जग तेवढंच. त्या दोनशे दहा पावलांच्या आतले ते आपले. वसईचे ख्रिस्ती बाहेरचे, मंगळुरी ख्रिस्ती त्याहून बाहेरचे, आणि जे ख्रिस्तीच नाहीत त्यांची देवाने काही सोय केली असेल तर ती त्याने सेबॅस्टियनला अजून कळवलेली नव्हती.

रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, पहिल्या रांगेत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पापांची कबुली. पापंही ठरलेली: एकदा राग आला, एकदा प्रार्थनेत डुलकी लागली, एकदा पेग जास्त झाला. चौथं पाप करायला माणसाला थोडं जगात हिंडावं लागतं, आणि ते दोनशे दहा पावलांत जमत नाही.

पण त्याचा खरा मान होता पवित्र गुरुवारचा. त्या संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. मरणाच्या आदल्या रात्री येशूने कमरेला पंचा बांधून आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात, बारा माणसं बसतात, आणि फादर गुडघ्यावर येऊन एकेकाचा पाय धुतात. ते बाराजण कोण, याची यादी एकोणीस वर्षं सेबॅस्टियन करत आला होता, आणि एकोणीस वर्षं त्या यादीत पहिलं नाव सेबॅस्टियनचं होतं. बाकी नावं वाडीतल्या वजनदार मंडळींची. बारावी खुर्ची मात्र कोणाला नको असे. येशूला पकडून देणारा यहूदा बारावा, म्हणून त्या खुर्चीला त्याचा वास येतो, अशी वाडीची समजूत. सेबॅस्टियन तिथे ज्याच्याशी त्याचं वर्षभरात भांडण झालं असेल त्याला बसवी. शेजारचा माल्कम त्या खुर्चीत पाच वेळा बसून आला होता.

आता, ज्याचे पाय धुवायचे तो ते मळलेले घेऊन कसा जाईल? म्हणून बाराहीजण घरून पाय धुऊन जात. नुसते धुऊन नव्हे, वजरीने टाचा घासून, नखं कापून, चंदनाचा साबण लावून. येशूच्या शिष्यांचे पाय धुळीने भरले होते म्हणून धुवावे लागले, ही अडचण या वाडीने अशी कायमची सोडवली होती. फादर बिचारे दरवर्षी चोवीस स्वच्छ पायांपैकी बारा धूत आणि पंच्याला डागही पडत नसे.

घरात सेबॅस्टियनची बायको सेसिलिया अंथरुणाला खिळलेली. तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला, डावी बाजू गेली, वाचाही गेली. तिला बघायला रश्मी येई, काळाचौकीहून बसने. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. तिच्याआधी चार बायका येऊन गेल्या. दोघी सेसिलियाला उचलता येत नाही म्हणून गेल्या, दोघी सेबॅस्टियनला उचलता येत नाही म्हणून. रश्मी टिकली. चाळिशीची, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. "आंटी, आज भात संपवला नाहीत तर मी तुमच्यासमोर बसून तुमचे बोंबील खाणार, बघा," असं ती म्हणे आणि सेसिलियाचा उजवा गाल हसे.

तिला एक खोड होती. सेसिलियाच्या पायांना तेल चोळताना ती ओव्या म्हणे. कोकणातल्या आजीकडून आलेल्या, जात्यावरच्या. आणि तीन वर्षं गप्प पडलेली सेसिलिया उजव्या हाताच्या बोटांनी चादरीवर ठेका धरी. सेसिलियाच्या आईच्या घरी लग्नाचा मसाला कांडताना बायका अशाच चालीवर गात. ते तिच्या बोटांना आठवत असावं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी सेबॅस्टियन झोपेतून उठला आणि त्याने ते ऐकलं. त्या ओवीत देवही नव्हता. होता तो भाऊ, आणि भावाचा पांढरा बैल. पण सेबॅस्टियनला बैलातही परधर्म दिसला.

"रश्मी, हे ख्रिस्ती घर आहे. इथे हे चालायचं नाही."

"काय चालायचं नाही, अंकल? तेल?"

"गाणं. तुमच्यातलं. वर तसबीर दिसते का कोणाची?"

रश्मीने वर बघितलं. तसबिरीतल्या येशूने काही तक्रार केल्याचं तिला दिसलं नाही. पण ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही गप्प, तिसऱ्या दिवशीही. सेसिलियाची बोटं थांबली. आठवड्याने तिने भिंतीकडे तोंड केलं आणि पेज अर्ध्यावर सोडायला लागली. महिनाभर हे बघून रश्मी एक दिवस उंबऱ्यात उभी राहिली.

"अंकल, एक तारखेपासून मी येणार नाही. दुसरी बघा."

"कशाला? काय झालं?"

"काय नाय झालं. माझं तोंड बंद केलंत तर माझे हात पण चालत नाहीत. आणि आंटी माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालल्यात, ते मला बघवत नाही."

सेबॅस्टियनने लेकीला फोन लावला. रोशेल लोअर परळच्या एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॅडी, मी आता सहावी बाई शोधणार नाही. रश्मी गेली तर मम्मीला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवावं लागेल. तुम्ही ठरवा." आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

पन्नास वर्षांचा संसार एका ओवीवर येऊन अडकला होता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गा बाई, दोन गा. पण तत्त्वाचा माणूस तो. सुंभ जळेल, पीळ कसा जाईल? त्याने देवालाच साकडं घातलं: "प्रभू, रश्मीला सुबुद्धी दे." स्वतःसाठी त्याने काही मागितलं नाही. निःस्वार्थी माणूस.

त्यातच चर्चला नवे फादर आले होते. फादर लॅन्स, वय अडतीस, पायात कॅनव्हासचे बूट. पवित्र गुरुवारच्या चार दिवस आधी, झावळ्यांच्या रविवारी, मिस्सा संपल्यावर सेबॅस्टियन यादी घेऊन त्यांच्याकडे गेला. फादरनी ती वाचली, घडी केली आणि परत दिली.

"अंकल, या वर्षी वेगळं करू या. आपल्या भागात जे दुसऱ्यांचं अंग पुसतात, गटार काढतात, म्हाताऱ्यांना उचलतात, अशा बाराजणांना बसवू. अकरा मला मिळालेत. बारावी तुमच्याकडची रश्मीताई. तिला विचाराल?"

सेबॅस्टियनला वाटलं आपल्या कानात दडे बसले. "फादर, ती... ती आपल्यातली नाही."

"पाय आहेत ना तिला?"

मागे उभा असलेला माल्कम खुसखुसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "सेबा, तुझी बाई खुर्चीत नि तू खांबाला टेकून! फोटो काढून ठेवतो रे मी."

सोमवारी सेबॅस्टियनने रश्मीला विचारलं नाही. मंगळवारी ती चादर बदलत होती, तेव्हाही नाही. बुधवारी फादरचा फोन आला, आणि एकोणीस वर्षं मिस्साच्या पहिल्या रांगेत बसलेला माणूस एका दमात म्हणाला, "नाही म्हणते ती, फादर. त्यांच्या धर्मात चालत नाही म्हणे."

पलीकडून फादर म्हणाले, "असं? बरं. मग तिच्या जागी तुम्हीच बसा अंकल. घरचे म्हणून."

"आता तुम्ही एवढा आग्रहच करता तर..." सेबॅस्टियन म्हणाला. आग्रह कोणीच केला नव्हता.

गुरुवारी दुपारी तयारीला सुरुवात झाली. आणि इथे सेबॅस्टियनची पंचाईत झाली. पोट वाढलेलं, कंबर धरलेली, हात नखांपर्यंत पोचेनात. इतकी वर्षं हे काम सेसिलिया करत होती; गेली दोन वर्षं नाक्यावरचा न्हावी येई, तो यंदा गावी गेलेला. सेबॅस्टियन बादलीजवळ स्टुलावर बसून आपल्या पायांकडे दूरच्या नातलगांकडे बघावं तसा बघत राहिला.

"काय करताय अंकल?" रश्मीने दारातून विचारलं.

"संध्याकाळी विधी आहे. पाय धुवायचेत."

"कशाला?"

"फादर धुणार आहेत म्हणून."

रश्मीने बादलीत डोकावलं. "म्हणजे धुवायचे म्हणून आधी धुवायचे?"

"तुला नाही कळायचं ते."

"ते खरं," म्हणत ती खाली बसली. तिने कोमट पाणी घेतलं, वजरीने टाचा घासल्या, नखं कापली, भेगेत तेल भरलं. ओवी मात्र म्हटली नाही. ज्या खुर्चीत तिला बसायचं होतं, त्या खुर्चीसाठी ती दुसऱ्याचे पाय घासत होती. आणि हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं, जो वरून सांगत होता, "डावी टाच राहिली बघ."

संध्याकाळी तिने जास्त वेळ थांबायचं कबूल केलं आणि सेबॅस्टियन पांढरे मोजे घालून दोनशे दहा पावलं चालला.

चर्च भरलं होतं. वेदीपुढे अकरा माणसं अवघडून बसलेली. महापालिकेच्या खाकी गणवेशातला रामू, प्रसूतिगृहातली एक आया, शववाहिनीचा ड्रायव्हर, कोणाच्या बुटाला चिखल, कोणाच्या पायाला पट्टी. शेवटची खुर्ची मोकळी होती. बारावी. पण आता माघार घेतली तर माल्कम फोटो काढील, म्हणून सेबॅस्टियन बसला.

बायबलमधल्या शुभवर्तमानाचं वाचन सुरू झालं. हा उतारा सेबॅस्टियनने खुर्चीत बसून आधी एकोणीस वेळा ऐकला होता, पण दरवेळी या वेळेला तो आपला मोजा हळूच सैल करण्यात गुंतलेला असे. आज मोजा चटकन निघाला. त्यामुळे नाइलाजाने ऐकणं भाग पडलं.

येशू पाय धुवायला वाकला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. येशू म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. आणि शेवटी म्हणाला, मी प्रभू आणि गुरू असून तुमचे पाय धुतले, तर तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा.

तुम्हीही धुवा. हे वाक्य एवढी वर्षं तिथेच होतं की या नव्या फादरने घुसडलं, असा सेबॅस्टियनला खरोखरच संशय आला.

फादर लॅन्स रांगेने येत होते. रामूच्या पायाचं पाणी काळं झालं, आयाच्या पायाचं मातकट. तसराळ्यातलं पाणी दोनदा बदलावं लागलं. वाडीच्या इतिहासात पहिल्यांदाच पंच्याला डाग पडला. मग ते बाराव्या खुर्चीपुढे गुडघ्यावर आले, सेबॅस्टियनचा पाय हातात घेतला आणि थबकले. हळूच हसून कुजबुजले, "वा अंकल! पाय चकाचक आहेत. कोणी धुतले?"

"रश्मीनं," सेबॅस्टियन बोलून गेला.

खोटं बोलायला आधी ठरवावं लागतं. खरं असं कधीकधी घसरून पडतं. पडल्यावर ते दोघांच्या मध्ये तसंच पडून राहिलं. फादर वर बघत होते. सेबॅस्टियनने झटक्यात पाय मागे ओढला. मागच्या बाकांवरून कौतुकाची कुजबुज उठली; लोकांना वाटलं, सेबा पेत्राचं सोंग काय छान वठवतो!

"नको फादर," तो म्हणाला. "ही खुर्ची माझी नाही. मी तिला विचारलंच नाही. खोटं बोललो मी."

फादर गुडघ्यावरच राहिले. ओरडतील, उठून जातील, निदान मान तरी हलवतील, अशी सेबॅस्टियनने वाट बघितली. तसं झालं असतं तर बरं होतं. रागाला उत्तर द्यायची त्याला सवय होती.

"अंकल," फादर म्हणाले, "त्या रात्री यहूदाही खुर्चीत होता. त्याचेही धुतले होते येशूने. पाय द्या."

आणि पाणी ओतलं.

पाणी गार होतं. सेबॅस्टियनने खाली बघितलं. एक शिकलासवरलेला, त्याच्या लेकीच्या वयाचा माणूस सगळं माहीत असून त्याचा पाय पुसत होता. दुपारी एका बाईने काही माहीत नसताना पुसला होता. दिवसभरात दोनदा पाय धुऊन घेणारा हा देवमाणूस, त्र्याहत्तर वर्षांत आपण कोणाचा एक तरी पाय धुतला का, हे आठवायला लागला. रोशेलचे धुतले असतील लहानपणी? ते सेसिलियाने धुतले. आईचे? बहिणीने. शेवटी त्याला एकच आठवला, आणि तो स्वतःचा होता. तोही अलीकडे पोचत नव्हता.

त्याने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा यादीत नसलेलं काहीतरी मागितलं. "प्रभू," तो मनात म्हणाला, "सुबुद्धी तिला नको. मला दे."

मिस्सा संपायच्या आधी तो उठला. पहिल्या रांगेतला माणूस मधूनच उठून गेला, याची वाडीत पुढे आठ दिवस चर्चा झाली. डावा मोजा खुर्चीखालीच राहिला.

घरी रश्मी सेसिलियाला पेज भरवत होती. "एवढ्यात आलात? आणि एक मोजा कुठाय?"

"रश्मी, तिथे तुला बोलावलं होतं."

"कुठे?"

"पाय धुवायला. म्हणजे तुझे. फादरनी रविवारीच सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही. त्यांना सांगितलं, तू नाही म्हणालीस."

रश्मीने चमचा वाटीत ठेवला. "म्हणजे दुपारी मी जे घासत बसले होते..."

"हो."

"माझ्या खुर्चीसाठी?"

"हो."

"अंकल, तुम्ही ना..." पुढचा शब्द काळाचौकीचा होता. तो तिने आंटींकडे बघून गिळला.

सेबॅस्टियनने स्टूल ओढलं, बादली आणली. "बस तू इथे. मी धुतो तुझे."

रश्मीने दोन्ही पाय साडीत ओढून घेतले. "काय करताय! तुमच्या वयाच्या माणसाने माझे पाय धरायचे आणि मी ते पाप घेऊन घरी जायचं? माझे पाय मला धुता येतात. दोन हात धड आहेत माझे." मग तिने पलंगाकडे बोट केलं. "पाय धुवायची एवढी हौस आली असेल तर त्या बघा तिकडे. तीन वर्षं झाली. कधी हात लावलात?"

सेबॅस्टियनने पलंगाकडे बघितलं. चादरीबाहेर दोन पाय होते, पांढरे, सुजलेले. पन्नास वर्षं ते त्याच्या मागेपुढे चालले होते. त्याने दोनशे दहा पावलं मोजली होती. त्यातली तिची किती, हे मोजलं नव्हतं.

तो खाली बसायला लागला. हे काही सोपं काम नव्हतं. आधी पलंगाची दांडी धरली, मग एक गुडघा टेकला, मग "येशू, मारिया, जोजफ" म्हटलं, मग दुसरा. तांब्याने पाणी घेतलं आणि उजव्या पायावर ओतलं.

सेसिलियाच्या घशातून आवाज आला.

"अहो, भाजलंत ना त्यांना! कोपराने बघायचं पाणी. कोपर घाला. आता थोडं गार मिसळा. तुम्ही गोदीत जहाजं कशी बुडवली नाहीत तेच कळत नाही मला."

त्याने कोपर घातलं. गार पाणी मिसळलं. पुन्हा ओतलं.

"बोटांच्या बेचक्यात. वरवर काय, गाडी पुसताय? तिथे ओल राहिली तर चिखल्या होतात. आणि डावा पाय जपून, त्यांना त्यातलं काही कळत नाही, लागलं तरी सांगता यायचं नाही."

सेबॅस्टियन मुकाट्याने बेचक्या पुसत राहिला. गोदीत असताना त्याने साहेबाचंही इतकं ऐकून घेतलं नव्हतं. मान वर केली तेव्हा सेसिलियाचं तोंड भिंतीकडे नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती, आपल्या घरात हा कोण नवीन माणूस आला अशा नजरेने. चांगला की वाईट, ते तिने अजून ठरवलेलं दिसत नव्हतं.

"रश्मी," तो खाली बघूनच म्हणाला, "ते गाणं. म्हणत जा तू. मी चुकलो."

"सांगून येत नाही ते, अंकल. यायचं तेव्हा येईल."

"आणि एक तारखेचं?"

रश्मीने पिशवी खांद्याला लावली. "उद्या सुट्टी होती माझी. पण येते सकाळी. कसे धुता ते बघते आणि मग सांगते."

दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार, गुड फ्रायडे. वाडीत सामसूम. दुपारी बारापासून चर्चमध्ये तीन तासांची भक्ती, आणि पहिल्या रांगेसाठी लोक अकरापासून जाऊन बसत. सेबॅस्टियन तेव्हा जमिनीवर बसला होता. सकाळी नऊला त्याने केलेला पहिला प्रयत्न नापास झाला होता. पाणी कोमट होतं, पण पाय पुसला तो उलट्या दिशेने, आणि सूज वर सरकायला हवी ती खाली उतरली. रश्मीने दुसऱ्यांदा करायला लावलं. ती मोरीत फडके पिळत होती आणि मध्येच, आपल्याशीच, पांढऱ्या बैलाबद्दल काहीतरी गुणगुणत होती. सेबॅस्टियनने तसबिरीकडे बघितलं नाही. त्याला त्या वेळी करंगळी सांभाळायची होती.

"येईन मी एक तारखेला," रश्मी मोरीतूनच म्हणाली. "पण सकाळचे पाय तुमचे. रोज. मी फक्त तपासणार."

"रविवारी पण?"

"रविवारी त्यांना पाय नसतात का?"

खिडकीत माल्कम येऊन उभा राहिला. हातात प्रार्थनेचं पुस्तक, अंगावर काळा कोट. आत डोकावून त्याने डोळे मोठे केले.

"सेबा! अरे, साडेअकरा वाजले. चल लवकर, नाही तर पहिली रांग जाईल तुझी. तो मंगळुरी कधीचा टपून बसलाय."

"बसू दे त्याला," सेबॅस्टियन म्हणाला. "माझी अजून चार बोटं राहिलीत."